पिवळं पान आणि युरियाची गोणी

कडा आणि आष्टीच्या पट्ट्यात पीक पिवळं पडलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘दोन गोण्या युरिया टाका.’ सल्ला नेहमीच चुकतो असं नाही. पण पान कुठलं पिवळं पडलंय हे न पाहता दिलेला असेल, तर तो नुसता अंदाज असतो.

नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून कोवळ्या पानांना पुरवतं. म्हणून पिवळेपणा खालच्या पानांपासून सुरू होतो. लोहाला मात्र झाडात असं सहज फिरता येत नाही. ते कमी पडलं की शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा हिरव्याच राहतात. चुनखडीच्या जमिनीतल्या लिंबाच्या बागेत पावसाळ्यात हेच दिसतं, आणि तिथे युरियाने काम होत नाही.

यावर लगेच विचारलं जातं: मग जमिनीत लोह नाही का? भरपूर आहे. आपली जमीन बेसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची झीज होऊन बनली आहे आणि त्या दगडात लोह मुबलक असतं. पण सामू 8 च्या आसपास गेला की लोह पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. लिंबू, तूर, भुईमूग, कांदा ही पिकं अशा वेळी मुळांतून आम्ल सोडतात, लोहाचं रूप बदलतात आणि मग ते आत घेतात. ज्वारी-गव्हासारखी गवतवर्गीय पिकं वेगळी युक्ती करतात: लोहाला धरून ठेवणारी द्रव्यं मातीत सोडतात आणि लोहासकट ती परत ओढून घेतात. चुनखडीत यातली पहिली युक्ती तोकडी पडते, कारण मुळाने सोडलेलं आम्ल चुनाच खाऊन टाकतो. त्यात पाणी साचून वाफसा मोडला, की बायकार्बोनेट वाढून अडचण दुप्पट होते. युरियाचं नायट्रेट बनतं आणि नायट्रेट आत घेताना मुळाभोवतीचा सामू आणखी चढतो. म्हणजे पिवळेपणावरचा उपायच पिवळेपणाला हातभार लावतो. इथे पाण्याचा निचरा करावा आणि अर्धा टक्का हिराकस, म्हणजे 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम, पानांवर फवारावा. जमिनीत टाकलेला नुसता हिराकस चुनखडीत लवकर निकामी होतो. शेणखतात मुरवून दिला तर थोडा जास्त टिकतो.

दुसरा गैरसमज जास्त खोल रुजलेला आहे: मूळ म्हणजे नळी, मातीत जे विरघळलं ते पाण्याबरोबर वर चढतं. प्रत्यक्षात मुळाच्या आतल्या भागात पेशींभोवती पाणी अडवणारा एक पट्टा असतो. कास्पारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाने तो ओळखला जातो. त्यामुळे वर जाणाऱ्या बहुतेक क्षारांना आधी जिवंत पेशीच्या पडद्यातून, ठरलेल्या प्रथिनांच्या दारांतून जावं लागतं. मुळाच्या पेशीत पालाश बाहेरच्या मातीपाण्याच्या शेकडो पट असू शकतं आणि त्यासाठी झाड ऊर्जा खर्च करतं. नायट्रेटच्या एका दाराची तर दोन रूपं आहेत: मातीत नायट्रेट तुटपुंजं असेल तर घट्ट पकडणारं, मुबलक असेल तर सैल. पानांना स्फुरद कमी पडलं तर ती तसा निरोप मुळांकडे धाडतात आणि मुळं स्फुरदाची दारं वाढवतात. पुरेसं झालं की दारं कमी होतात.

याचा अर्थ झाड कधी फसत नाही असा नाही. आर्सेनिक हे विष स्फुरदाच्या दारातून आत शिरतं, कारण दोघांची ठेवण सारखी आहे. पालाश भरमसाट दिलं तर पीक ते गरजेपेक्षा जास्त ओढतं आणि मॅग्नेशियमला वाट मिळत नाही. डीएपी दरवर्षी ओतलं तर जस्ताची ओढाताण सुरू होते. त्यातून चुनखडीत स्फुरदाचा बराचसा भाग चुन्याशी बांधला जातो आणि त्या हंगामात पिकाला मिळत नाही. तेव्हा ‘मागच्या वर्षी चाललं, यंदा एक गोणी जास्त’ हा हिशेब पैशाच्या बाजूनेही तोट्याचा.

कांद्याला नत्र उशिरा देण्याची हौस तर अनेकांना भारी पडते. पात हिरवीगार दिसते, माना जाड राहतात आणि चाळीत कांदा सडतो. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेच्या शिफारशीत पुनर्लागवडीनंतरच्या नत्राचा शेवटचा हप्ता 45 दिवसांच्या सुमारास आहे. त्यानंतर पात थोडी फिकट झाली तरी हात आवरावा. गंधक मात्र कांद्याला आवर्जून हवं. त्याचा तिखटपणा गंधकाच्या संयुगांतून येतो.

सेंद्रिय खतातलं अन्न झाडाला वेगळ्या रूपात मिळतं, असंही म्हणतात. तसं फारसं नाही. शेणखत कुजल्यावर मूळ घेतं ते मुख्यतः तेच नायट्रेट, तेच स्फुरद. शेणखताची खरी करामत मातीची घडण आणि लोह-जस्त धरून ठेवण्याची ताकद यांत आहे.

खतांचे आकडे ठरवायचे तर मातीची तपासणी करावी. अहवालात लोह 4.5 पीपीएमपेक्षा आणि जस्त 0.6 पीपीएमपेक्षा कमी असेल तर कमतरता समजतात. सामू आणि मुक्त चुना यांचे आकडे त्यांच्याइतकेच नीट वाचावेत. नमुना खत देण्याआधी घ्यावा. बांध, गोठा आणि शेणाचा ढीग टाळून शेतात आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचे खड्डे करावेत आणि 15 ते 20 सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती एकत्र करावी. हा नमुना स्वच्छ पिशवीतच न्यावा. खताच्या रिकाम्या गोणीत नेला तर अहवालात शेताऐवजी गोणीतल्या खताचेच आकडे येतात.