रघूजींची तलवार आणि लंडनची सूची

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची तलवार एप्रिल 2025मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात लिलावाला निघाली, तेव्हा तिचे सूचीपत्रातले वर्णन नागपूरच्या मिहानमधल्या आयटी कंपनीत बसलेल्या माणसालाही मोबाइलवर वाचता येत होते. पूर्वी अशी सूचीपत्रे मूठभर दलाल आणि हौशी श्रीमंतांपलीकडे क्वचितच जात. बातमी पसरली आणि राज्य सरकारने मध्यस्थामार्फत सुमारे 47.15 लाख रुपयांना तलवार मिळवली. इंटरनेटमुळे भाव चढतात, नकली माल खपतो, हा आक्षेप खराच. पण नकली नाणी जुन्या बाजारातही होतीच (आणि तिथे दुसऱ्या जाणकाराला विचारायची सोय नव्हती). नवे आहे ते उघडेपण: वस्तू कुणाकडून आली, हे आता अनोळखी अभ्यासकही विचारू शकतो. मात्र या उघडेपणाने कायदा बदलत नाही: आपल्याकडे शंभर वर्षांवरील पुरावस्तूंच्या व्यापाराला 1972च्या कायद्याने परवाना लागतो. विक्रीची जाहिरात मोबाइलवर टाकली म्हणून ती अट सुटत नाही.