शीतकपाटाची बारनिशी

मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारा हमरस्ता मलकापूर मागे टाकून नांदुऱ्याच्या १०५ फुटी हनुमंताकडे धाव घेतो, त्या मधल्या टप्प्यात आमचे वडनेर भोलजी वसलेले आहे. आणि वैशाखात वऱ्हाडचे ऊन ४५ अंशांच्या आसपास घुटमळू लागले, म्हणजे या गावातील कोणाही गृहस्थास घरातील सर्वांत मौल्यवान जिन्नस कोणता असे विचारले असता तो सोन्याच्या डब्याकडे बोट न दाखविता कूलरकडे अथवा शीतकपाटाकडे दाखवील, याविषयी मला संदेह नाही. (शीतकपाट हा शब्द पुस्तकी. गावात त्याला फ्रीज म्हणतात, आणि मीही पुढे कंटाळा आल्यावर तसेच म्हणणार आहे.)

दोन वर्षांपूर्वी ऐन एप्रिलात आमच्या घरचा फ्रीज बंद पडला. कंपनीचे नाव सांगत नाही. सांगून कोणाचे भले व्हायचे नाही. तक्रार मोबाइलवरून नोंदविली, तत्क्षणी तक्रारक्रमांक हाती आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कारागिराचा फोन आला, "काका, मी वडनेरच्या स्टँडवर उभा आहे, घर कोणत्या बाजूला?" मी धोतर सावरीत स्टँडवर गेलो, तो तेथे दोन म्हशी आणि एक रिकामी रिक्षा यांवाचून कोणी नव्हते. चौकशीअंती उमगले, की तो बिचारा नाशिक जिल्ह्यात, चांदवड तालुक्यातील वडनेर भैरव येथे, माझ्यापासून अडीचशेहून अधिक किलोमीटरांवर उभा होता. वडनेरे महाराष्ट्रात थोडी नाहीत. हिंगणघाटकडे एक आहे, दर्यापूरकडे वडनेर गंगाई आहे. जुन्या महसुली दफ्तरातला कारकून 'मौजे वडनेर भोलजी' असे पुरते लिहिल्यावाचून कागद पुढे सरकवीत नसे. संगणकात मात्र आमच्या गावाचा उत्तरार्ध कोणीतरी गाळून टाकला होता, आणि त्या गाळलेल्या भोलजीपायी आमचे आठ दिवसांचे दूध नासले.

गृहोपयोगी यंत्रे घडविणाऱ्या कारखानदारीत ज्याला हल्ली 'डिजिटल परिवर्तन' असे भारदस्त नाव आहे, त्याच्याकडे मी तेव्हापासून स्टँडवरूनच पाहत आलो आहे.

या कारखानदारीचा वंशवृक्ष महाराष्ट्रात शोधू गेल्यास तो गोदरेजांच्या दाराशी जाऊन ठेपतो. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईस लालबागेत कुलपांचा कारखाना काढला; स्वतंत्र भारताच्या १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी त्यांच्या घराण्याच्या विक्रोळी येथील कारखान्यातून बारा लाखांहून अधिक मतपेट्या बाहेर पडल्या; आणि १९५८ मध्ये शीतकपाट घडविणारी पहिली भारतीय कंपनी होण्याचा मान त्याच घराण्याकडे गेला. कुलूप, तिजोरी, मतपेटी आणि फ्रीज या चारही जिनसांचा एकच धर्म आहे, तो म्हणजे दार घट्ट लागले पाहिजे. पुढे पुण्याजवळ, शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथे व्हर्लपूल, एलजी आणि हायर अशा परदेशी नावांचे कारखाने एकामागून एक उभे राहिले, आणि आमच्या हमरस्त्यावरून खोक्यांनी भरलेले ट्रक जाताना पाहून मुलांना नावे पाठ होऊ लागली.

फ्रीज घडतो कसा, हे ठाऊक असल्यावाचून त्याची बारनिशी, म्हणजे नोंदवही, कशासाठी हवी ते ध्यानात यावयाचे नाही. पत्रा कापून व वाकवून बाहेरचे कपाट होते. प्लास्टिकचा तक्ता तापवून, साच्यावर हवा शोषून घेत ओढला म्हणजे आतली पेटी होते. या दोहोंच्या मधल्या पोकळीत पॉलियुरेथेनचे रसायन सोडले, की ते फेसाळून, फुगून, काही मिनिटांत घट्ट होते, आणि थंडावा कोंडून धरण्याचे खरे काम हा न दिसणारा फेस करतो. मग कॉम्प्रेसर बसतो, तांब्याच्या नळ्या जोडल्या जातात, आतली हवा पूर्णपणे उपसून काढली जाते आणि शीतक वायू भरला जातो. घरगुती फ्रीजमध्ये आता बहुधा आयसोब्युटेन असतो, वजनाने अगदी थोडा, परंतु ज्वलनशील. गोदरेजांनी सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या कारखान्यात २०१२ मध्ये वातानुकूलन यंत्रांसाठी प्रोपेन वापरावयास घेतला, तोही तसाच पेट घेणारा. ओझोनच्या थरास अपाय न करणारा आणि पृथ्वीची उष्णता फारशी न वाढविणारा हा मार्ग खरा. पण तो पत्करला म्हणजे प्रत्येक यंत्रात किती ग्रॅम वायू गेला, गळती तपासली ती कोणत्या यंत्राने, तपासनिसाचा शेरा काय, याचा हिशेब 'अंदाजे' या शब्दावर सोडता येत नाही.

पूर्वी हा हिशेब पाळी संपताना मुकादम वहीत लिहीत असे, आणि घाईच्या दिवशी वरच्या ओळीखाली दोन टिंबे देऊन मोकळा होत असे. आता प्रत्येक कपाटाच्या पाठीवर पट्ट्यापट्ट्यांचा बारकोड चिकटतो, प्रत्येक ठाण्यावर तो वाचला जातो, आणि वायूचे वजन, निर्वाताचे माप, चाचणीत खाल्लेली वीज हे सर्व यंत्रच त्या क्रमांकाच्या खात्यावर चढविते. याचा उपयोग कारखान्याच्या आत दिसतो त्याहून बाहेर अधिक दिसतो. विदर्भातून एका महिन्यात एकाच तऱ्हेच्या पन्नास तक्रारी आल्या, तर क्रमांकांची रुजुवात करून ती पन्नासही यंत्रे एकाच पाळीत बनली की एकाच पुरवठादाराचा थर्मोस्टॅट त्यांत बसला, हे दुपारच्या चहाआधी कळू शकते. मात्र त्यासाठी तक्रारीची वही आणि कारखान्याची वही एकमेकींशी बोलल्या पाहिजेत, आणि घोडे नेमके तेथेच पेंड खाते.

या वह्यांना एकमेकींशी बोलते करण्याचे काम कंपनीतील तंत्रज्ञानप्रमुखाचे. तो म्हणजे संगणक विकत घेणारा अधिकारी, अशी समजूत आहे. वास्तविक त्याचा निम्मा जन्म तहनामे करण्यात जातो. विक्रीखात्याने एका सुट्या भागास एक क्रमांक दिलेला, उत्पादनखात्याने दुसरा, सेवाखात्याने तिसरा. तिघांचेही आपल्या वहिवाटीवर प्रेम. आणि वीस वर्षे इमाने चाललेल्या जुन्या दाबयंत्रास तर बोलताच येत नाही, त्याला बाहेरून संवेदक जोडून बोलते करावे लागते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, पुढच्या वर्षी ई-वे बिल आले, आणि विक्रेत्याच्या दुकानापर्यंतचा प्रवास निमूटपणे नोंदीत आला. कारण तेथे सरकारचा हुकूम होता. दुकानापासून ग्राहकाच्या स्वयंपाकघरापर्यंतचा शेवटचा टप्पा असा हुकमाने वठणीवर येत नाही.

याच टप्प्यावर गोदरेजांनी एक धाडस केले, आणि त्याची हकीकत मला यशाच्या हकीकतींहून अधिक बोधक वाटते. ज्यांच्याकडे फ्रीज नाही आणि विजेचाही भरवसा नाही, त्यांच्यासाठी त्यांनी 'छोटूकूल' नावाची पेटी काढली. तिच्यात कॉम्प्रेसर नव्हता. एका अर्धवाहक चकतीतून विद्युत्प्रवाह गेला की तिची एक बाजू गार व दुसरी ऊन होते, या तत्त्वावर ती चाले, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चाले. तिची आखणी उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांतल्या बायकांना बरोबर घेऊन झाली, आणि विक्रीसाठी टपाल कचेऱ्यांचेही साहाय्य घेतले गेले. कल्पना उमदी, चौकशी प्रामाणिक. तरीही गरिबाच्या घरी ती अपेक्षेप्रमाणे शिरली नाही, आणि तिचे गिऱ्हाईक पुढे दुकानदार व मोटारीने हिंडणारे शहरी लोक यांत शोधावे लागले. खेड्यातील माणूस एकदाच पैसे जमवितो, आणि जमविले म्हणजे त्याला शेजाऱ्यासारखा 'मोठा' फ्रीज हवा असतो. हे कोणत्याही तक्त्यात आधी लिहिलेले नव्हते.

संगणकाच्या सामर्थ्यालाही मर्यादा आहेत, याचे स्मरण औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) व्हिडिओकॉनवरून होते. मराठवाड्यातील ही नावाजलेली कंपनी कर्जापायी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली. बारनिशी कितीही नेटकी असली, तरी खतावणीतील देणे ती फेडू शकत नाही.

आमच्या बाजूचे दुखणे निराळे आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आम्हांला लागून. त्या पाण्याने कूलरच्या जाळ्या पांढऱ्या पडतात आणि धुलाईयंत्राच्या तापककांडीवर क्षारांचे कवच चढते. गावठाणाची वीजवाहिनी शेतीपंपांच्या वाहिनीपासून वेगळी काढल्यावर भारनियमनाचा जाच उणावला, तथापि दाब कधी चढेल आणि कधी उतरेल याचा नेम नाही. नव्या इन्व्हर्टर फ्रीजमध्ये कॉम्प्रेसरचा वेग सांभाळणारे जे विद्युत्फलक असते, ते या चढउताराने दगावते, आणि मग 'ग्राहकाच्या घरची वीज सदोष' असा शेरा मारून मुदतीतली दुरुस्ती नाकारण्याचा प्रसंग येतो. यंत्र स्वतःच दाबाची नोंद ठेवू शकते, मग ती नोंद ग्राहकासही वाचता यावी, एवढे मागणे अवास्तव नाही.

आणि फ्रीजमिस्त्रीचे काय? नांदुऱ्याच्या बाजारात गॅसचे नळकांडे, झाळण्याची बत्ती आणि सूक्ष्म कान एवढ्या सामग्रीवर संसार चालविणारे कारागीर मी पाहिले आहेत. कॉम्प्रेसरवर तळहात ठेवून ते रोग सांगत. आता वायू ज्वलनशील, फलक मोहोरबंद, दोषाचा संकेत कंपनीच्या ॲपमध्ये, आणि ॲपची किल्ली फक्त कंपनीच्या माणसाकडे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' हे संकेतस्थळ उघडून उत्पादकांनी दुरुस्तीची माहिती तेथे द्यावी अशी सोय केली, ती योग्य दिशेने आहे; पण बाजारातल्या मिस्त्रीला ज्वलनशील वायू हाताळण्याचे रीतसर शिक्षण मिळाल्यावाचून ती माहिती त्याच्या कामी यावयाची नाही, आणि हे शिक्षण देण्याचा खर्च उत्पादकांनी सोसावा असे माझे स्पष्ट मत आहे.

आमचा फ्रीज अखेर बाराव्या दिवशी सुरू झाला. आलेला मुलगा खामगावचा होता. त्याने पाठीवरचा बारकोड मोबाइलने टिपला, बिघडलेला भाग कोणता हे पाहिले, आणि तोच भाग पिशवीतून काढून अर्ध्या तासात बसविला. जाताना मी त्याला पत्ता दुरुस्त करावयास लावला. तेव्हा या दिवाळीत जे वाचक नवे यंत्र घरी आणतील त्यांना एवढीच विनंती, की खोके फोडण्यापूर्वी अनुक्रमांक टिपून ठेवावा, पावती जपावी, आणि दुकानदार पत्ता घालीत असता त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहून गावाचे नाव पुरते पडले आहे ना, तालुका व जिल्हा बरोबर आहे ना, हे वाचून घेतल्यावाचून दुकानाची पायरी उतरू नये.