एक दात चुकला तर?

दोस्तांनो, शिलाई मशीन तर तुम्ही सगळ्यांनीच पाहिलंय. वरून सुई खाली येते, खाली बॉबिनचा दोरा तिला भेटतो आणि टाका पडतो. पण सुई खाली आली आणि खालचं शटल वेळेवर पोचलंच नाही, तर? टाका सुटतो, दोरा गुंततो, कधी कधी सुईच मोडते. दोघांची वेळ जुळायलाच हवी. साधा गुळगुळीत पट्टा लावला तर तो घसरतो आणि वेळ चुकते. म्हणून १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या गिल्मर नावाच्या कंपनीने एक युक्ती काढली. पट्ट्याच्या आतल्या बाजूला दात! पुलीवर खाचा आणि पट्ट्यावर दात. आता घसरायचं म्हटलं तरी घसरणार कसा?

शिलाई मशीनसाठी निघालेला हा दातेरी पट्टा पुढे थेट मोटारीच्या इंजिनात जाऊन बसला. १९६२ साली जर्मनीतल्या ग्लास कंपनीने आपल्या '१००४' नावाच्या छोट्या मोटारीत तो बसवला. मोठ्या संख्येने तयार झालेल्या मोटारीत रबरी टायमिंग बेल्ट येण्याची ती पहिलीच वेळ. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, तिच्यातही तो होता. १९९८ साली पुण्याजवळ पिंपरीत तयार झालेल्या टाटा इंडिकातही होता. त्याआधीच्या अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीत मात्र पट्ट्याऐवजी लोखंडी साखळी असायची.

आता चला आमच्या यवतमाळला. शहराला अगदी खेटून लोहारा आहे. नाव ऐकलं की ऐरण आणि हातोडा डोळ्यांपुढे येतो, पण आज या गावाची ओळख म्हणजे इथली एमआयडीसी. जीन्सचं डेनिम कापड इथे विणलं जातं. जिथे कारखाने तिथे ट्रक, टेम्पो आणि मोटारी. आणि जिथे मोटारी, तिथे गॅरेज हे ठरलेलंच. इंडिकाचं उत्पादन २०१८ साली थांबलं, तरी विदर्भाच्या गावागावांत जुन्या इंडिका अजून धावताना दिसतात. कुणाची ती घरची गाडी असते, तर कुणाचं पोटच तिच्यावर चालतं. नागपूर इथून जवळजवळ दीडशे किलोमीटर. रात्री-अपरात्री पेशंटला घेऊन निघालेली गाडी वाटेत मध्येच बंद पडली, तर काय होईल याची कल्पना तुम्हीच करा. आणि बंद पाडणारी वस्तू केवढी? बोटभर रुंदीचा रबरी पट्टा!

हा पट्टा करतो तरी काय?

इंजिनात पिस्टन वर-खाली होतो, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलंच असेल. हवा आत घ्यायची, ती दाबायची, स्फोटाचा धक्का घ्यायचा आणि धूर बाहेर टाकायचा, अशी त्याची चार कामं. हवा आत यायला एक दार लागतं आणि धूर बाहेर जायला दुसरं. या दारांना झडपा किंवा व्हॉल्व्ह म्हणतात. पिस्टनच्या खाली क्रँकशाफ्ट फिरतो, वर झडपा उघडणारा कॅमशाफ्ट फिरतो आणि या दोघांना बांधून ठेवतो तो आपला टायमिंग बेल्ट.

गंमत बघा. चार कामं पूर्ण व्हायला क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या लागतात. तेवढ्यात प्रत्येक झडप एकदाच उघडायची असते. म्हणून कॅमशाफ्टच्या पुलीवर दुप्पट दात असतात. खाली दोन फेऱ्या, वर एक. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या मारत असेल, तर सेकंदाला झाल्या ५०. म्हणजे एकेक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते आणि मिटते! एवढ्या घाईतही वेळ चुकायची नाही.

यवतमाळच्या आजी-आजोबांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरच्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. त्याच्या चाकांजवळ लोखंडी दांड्या मागे-पुढे नाचायच्या. त्यातल्या काही दांड्यांचं काम हेच होतं, वाफ नेमकी कधी आत सोडायची आणि कधी बाहेर. तिथे सगळं उघड्यावर दिसायचं. मोटारीत मात्र ते प्लॅस्टिकच्या झाकणाखाली दडलेलं असतं.

पट्टा तुटला तर काय होतं? कॅमशाफ्ट थांबतो, झडपा जिथल्या तिथे अडकतात. पण गाडी वेगात असते, त्यामुळे क्रँकशाफ्ट आणखी थोडा फिरतच राहतो. काही इंजिनांत झडप पूर्ण उघडी असली तरी पिस्टन तिच्यापर्यंत पोचत नाही. तिथे नुकसान नाही, गाडी फक्त बंद पडते. पण बऱ्याच इंजिनांत, विशेषतः डिझेलच्या, वर जागाच उरलेली नसते. पिस्टन वर येतो आणि उघड्या झडपेवर आदळतो. झडपा वाकतात, कधी पिस्टनलाही मार बसतो. मग अख्खं इंजिन उघडावं लागतं. वेळेवर पट्टा बदलायला लागले असते त्याच्या कितीतरी पट पैसे जातात आणि गाडी कित्येक दिवस गॅरेजात पडून राहते. ज्याचं घर त्या गाडीवर चालतं, त्याने तेवढे दिवस काय करायचं?

हात शिरायलाही जागा नाही!

अँबेसेडर सव्वाचार मीटरहून लांब. तिचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं. बॉनेट उघडलं की दोन्ही बाजूंना भरपूर जागा. इंडिका मात्र पावणेचार मीटरहूनही आखूड, आणि आत अँबेसेडरइतकी ऐसपैस जागा हवी असं रतन टाटांनी ठरवलेलं. मग जागा कुठून आणायची? इंजिनाच्या खोलीतून! १९५९ साली इंग्लंडमध्ये 'मिनी' नावाच्या मोटारीत अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं होतं, तीच वाट पुढे जगभरच्या छोट्या मोटारींनी धरली. आडव्या इंजिनाचं एक टोक गियरबॉक्सला जोडलेलं आणि दुसरं, म्हणजे पट्ट्याचं टोक, थेट गाडीच्या बाजूच्या पत्र्याला टेकायला आलेलं. मध्ये उरते जेमतेम मुठीएवढी फट.

(मारुती ओम्नीची तऱ्हा तर याहून न्यारी. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली! सीट उचलल्याशिवाय ते दिसतही नाही.)

मग मेकॅनिककाका शिरतात कुठून? वरून नाहीच. चाकाच्या बाजूने! गाडी थंड होऊ देतात, बॅटरीची वायर काढतात, जॅक लावून गाडी उचलतात आणि खाली लोखंडी घोडी ठेवतात. हो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी कुणी हात घालू नये, डोकं तर नाहीच नाही. मग चाक काढलं, त्यामागचं प्लॅस्टिकचं आवरण काढलं की पुली समोर दिसते.

आता खरी अडचण. अशा बऱ्याच गाड्यांत इंजिनाला धरून ठेवणारं माउंटिंग नेमकं पट्ट्याच्या वाटेत असतं. ते काढलं तर इंजिन लोंबकळणार. म्हणून खालून दुसरा जॅक, आणि जॅक व इंजिन यांच्यामध्ये लाकडाची फळी. फळी कशाला? लोखंडी जॅकने ऑइलचा पत्रा चेपू नये म्हणून. मग इंजिन हळूच बोटभर वर, बोटभर खाली करत एकेक बोल्ट काढायचा. काही बोल्ट डोळ्यांना दिसतच नाहीत. गोटी पाना बोटांनी चाचपत बसवायचा, आरसा आणि टॉर्च लावून खात्री करायची. बोल्ट निसटून खाली पडला तर काठीला बांधलेलं लोहचुंबक तयार असतं. क्रँकच्या पुलीचा बोल्ट तर इतका घट्ट, की पान्याला लांब पाइप जोडून जोर लावावा लागतो. पाइप लांब तर जोर कमी, हे तुम्ही तरफेच्या धड्यात शिकलाच आहात.

झाकण निघालं, पट्टा दिसला. आता ओढून काढायचा? थांबा! काढण्याआधी 'टायमिंग मिळवायचं'. पुल्यांवर आणि इंजिनावर बारीक खुणा कोरलेल्या असतात. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वर येईल आणि सगळ्या खुणा समोरासमोर येतील, असं इंजिन हाताने फिरवायचं. काही इंजिनांत भोकात पिन घालून चाकं अडकवूनच ठेवतात. मगच पट्टा ताणून धरणारं चाक, म्हणजे टेन्शनर, सैल करून जुना पट्टा उतरवायचा. पट्टा नसताना क्रँक किंवा कॅम एकटाच फिरवला, तर पिस्टन आणि झडपेची टक्कर तिथेच होऊ शकते.

काही ठिकाणी खुणा शोधायची कटकट नको म्हणून जुन्या पट्ट्यावर आणि पुल्यांवर पांढऱ्या रंगाच्या रेघा मारतात आणि नव्या पट्ट्यावर दात मोजून त्याच जागी रेघा उतरवतात. अनुभवी हाताला हे साधतं, नाही असं नाही. पण आधीच्याने एक दात चुकीचा बसवलेला असेल तर आपण ती चूकच जशीच्या तशी नव्या पट्ट्यावर उतरवतो! म्हणून कोरलेल्या खुणांवरच विश्वास ठेवणारा मेकॅनिक मला जास्त पसंत. त्याला अर्धा तास जास्त लागला तरी चालेल.

नवा पट्टा हातात घेऊन पाहा. रबर म्हणतात खरं, पण आत काचेच्या तंतूंचे पिळलेले दोरे असतात, आणि दातांवर नायलॉनचं विणलेलं कापड. डेनिम विणणाऱ्या लोहाऱ्यात हे सांगायला मजा वाटते, की इंजिनाची वेळ शेवटी दोरे आणि कापडच सांभाळतात. म्हणूनच पट्ट्याची घडी घालायची नाही, पिळायचा नाही, स्क्रू-ड्रायव्हर खुपसून चढवायचा नाही. काचेचे तंतू आतल्या आत तुटतात आणि बाहेरून पट्टा कोरा करकरीत दिसतो.

पट्टा चढवताना क्रँकपासून सुरुवात करून ओढला जाणारा भाग ताठ ठेवत पुढे जायचं आणि टेन्शनरची बाजू शेवटी घ्यायची. खुणा जुळल्या, ताण दिला. मग लगेच किल्ली फिरवून गाडी सुरू? मुळीच नाही! पुन्हा पाना लावून क्रँक हाताने सावकाश दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचा. दोनच का, हे तुम्ही आता सांगू शकाल. कॅमशाफ्टची एक फेरी पुरी व्हायला हवी ना! वाटेत कुठे कडक लागलं, तर जोर न लावता तिथेच थांबायचं. हाताने फिरवताना पिस्टन झडपेला नुसता टेकतो, स्टार्टरने फिरवलं तर ठोकतो. एक दात चुकला असेल तर गाडी कदाचित सुरू होईलही, पण ओढणार नाही, धूर सोडेल, जास्त तेल पिईल. दोन-तीन दात चुकले, तर नवा पट्टा बसवूनही झडपा वाकू शकतात.

आई-बाबांसाठी थोडंसं

पट्टा किती किलोमीटरनंतर आणि किती वर्षांनी बदलायचा, हे गाडीसोबतच्या पुस्तकात दिलेलं असतं. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचं. गाडी महिन्यातून एकदाच निघत असली तरी रबर म्हातारं होतंच. आपल्या यवतमाळात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. शिवाय धूळ. जवळच्या ऑइल सीलमधून तेल गळत असेल, तर पट्ट्याचं आयुष्य आणखी घटतं.

जुनी गाडी विकत घेतली आणि पट्टा कधी बदलला याचा कागद मिळाला नाही, तर तो बदललेलाच नाही असं समजा. 'वरून चांगला दिसतोय' याला अर्थ नाही. पट्ट्याबरोबर टेन्शनर आणि आयडलर ही चाकंही बदलून घ्या. त्यांचं बेअरिंग जाम झालं तर नवा पट्टाही तुटतो. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर त्याचाही विचार करा. एवढी उघडझाप पुन्हा करायची मजुरी त्या पंपापेक्षा महाग पडू शकते. काम झालं की तारीख आणि किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी बॉनेटच्या आत चिकटवायला सांगा. पुढच्या मालकालाही तिचा उपयोग होतो.

आजकालच्या बऱ्याच नव्या गाड्यांत साखळी परत आली आहे. ती पट्ट्यापेक्षा जास्त टिकते, मात्र तिला वेळच्या वेळी चांगलं ऑइल लागतं. विजेवर चालणाऱ्या गाडीत तर झडपाच नाहीत, त्यामुळे टायमिंग बेल्टही नाही.

गणिताची वही काढा

घरच्या गाडीचा पट्टा बदलला, तर जुना पट्टा मेकॅनिककाकांकडून मागून घ्या. एका दातावर खडूने खूण करा आणि दात मोजा. कापून आतले दोरे बघायचे असतील तर मोठ्यांकडून कापून घ्या, आणि त्या दोऱ्यांना उघड्या बोटांनी हात लावू नका, काचेची कुसळं टोचतात.

आणि हे कोडं. नव्या पट्ट्यावर कंपनीने छापलेल्या रेघा बसवताना पुल्यांच्या खुणांशी नीट जुळतात. पण इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवलं की पुल्यांच्या खुणा जागेवर येतात आणि पट्ट्यावरच्या रेघा भलतीकडेच! नवशिका शिकाऊ मुलगा हे पाहून घाबरतो. काम मात्र अगदी बरोबर झालेलं असतं. कसं काय?

समजा, पट्ट्यावर १२१ दात आहेत, क्रँकच्या पुलीवर २१ आणि कॅमच्या पुलीवर ४२. क्रँकच्या किती फेऱ्यांनंतर पट्ट्याचा तोच दात क्रँकपुलीच्या त्याच खाचेत येईल? आणि कॅमची खूणही त्याच वेळी जुळायला हवी असेल, तर किती? लसावि काढा. पहिलं उत्तर १२१ आणि दुसरं २४२ आलं, तर तुमचं टायमिंग जुळलं!