ग्रामसभा संघ व वनोपजाचे ठेके

वनातील लाकूड, बांबू, तेंदूपाने इ. उपजांच्या तोडणीचे, संकलनाचे अथवा विक्रीचे ठेके एकेका गावाने किंवा एकेका मजूरगटाने स्वतंत्रपणे न हाताळता अनेकांनी मिळून हाताळण्यासाठी निर्माण झालेल्या संघटना. चंद्रपूर आणि त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत त्यांचे दोन प्रकार आढळतात. वनकामगारांच्या सहकारी संस्था व त्यांचे जिल्हा संघ हा पहिला आणि ग्रामसभांचे महासंघ हा दुसरा प्रकार होय. पहिल्यात मजूर एकत्र येऊन ठेका मागतात, तर दुसऱ्यात गावे एकत्र येऊन ठेका देतात. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत येण्यास सु. साठ वर्षे लागली; तथापि दोहोंच्या मुळाशी असलेली अडचण एकच आहे.

ही अडचण ठेक्याच्या आकारमानाची आहे. वनविभाग तोडीसाठी कूप पाडतो, तेंदूपानांसाठी घटक (युनिट) ठरवितो. ही मापे वनव्यवस्थापनाच्या व व्यापाऱ्याच्या सोयीने ठरलेली असतात. गावाच्या शिवेशी त्यांचा संबंध नसतो. गावाजवळ मजूर असतात व रानाची माहितीही असते, परंतु अनामत रक्कम, हंगामापूर्वी लागणारे खेळते भांडवल, गोदाम, मालमोटारी आणि मुख्य म्हणजे दूरच्या बाजारभावाची वार्ता या गोष्टी नसतात. गडचांदूरच्या दक्षिणेस माणिकगडच्या डोंगरभागात हे विशेष जाणवते. तेथील कोलामांचे गुडे थोड्या घरांचे व विखुरलेले आहेत. एका गुड्याचे तेंदूपान घेण्यासाठी स्वतंत्र मालमोटार पाठविणे कोणाही व्यापाऱ्यास परवडत नाही आणि म्हणून तो देईल तो दर घ्यावा लागतो. पायथ्याशी गडचांदूर व परिसरात सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले, पण त्यांमुळे डोंगरावरील या व्यवहाराचे स्वरूप फारसे बदलले नाही.

वनकामगार संस्था : चांदा जिल्ह्यातील वनांचा मोठा भाग जमीनदारांकडे होता. मध्य प्रदेशातील मालकी हक्क नष्ट करणारा कायदा १९५१ मध्ये अंमलात येऊन ही वने शासनाकडे आली. मात्र तोड ठेकेदारामार्फतच चालू राहिली. मुंबई प्रांतात या पद्धतीविरुद्ध आधीच आवाज उठला होता. डी. सायमिंग्टन यांनी १९३८ मध्ये आदिम व डोंगरी जमातींविषयी सादर केलेल्या अहवालात सावकार, जमीनदार व जंगल ठेकेदार यांच्याकडून होणाऱ्या पिळवणुकीचे चित्र रेखाटले. बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १९४७ पासून ठाणे, सुरत, खानदेश इ. भागांत जंगल कामगार सहकारी संस्था निघू लागल्या. या संस्थांसाठी काही कूप राखून ठेवण्यात येत व ते जाहीर लिलावाशिवाय त्यांना मिळत. हिशेब, पत्रव्यवहार व वनखात्याशी बोलणी ही कामे एखादी समाजसेवी संस्था ‘पुरस्कर्ती’ या नात्याने पाहत असे. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यावर हा नमुना पुढे चांदा जिल्ह्यातही आला. राजुरा तालुका त्यापूर्वी हैदराबाद संस्थानात होता. तो प्रथम नांदेड व १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला.

लिलावातून मिळालेली ही मुभा संस्थांचे बळ होते आणि मर्यादाही होती. कूप किती, कोणता व कधी हे वनखाते ठरवी. संस्थांच्या जिल्हा संघांनी कूपांच्या वाटपात सदस्य संस्थांची बाजू मांडली, तरी मागणारा आणि देणारा यांच्या जागा बदलल्या नाहीत. संस्थेच्या नावाआड जुना ठेकेदारच भांडवल पुरवून कारभार चालवी, अशी उदाहरणेही कमी नव्हती. १९७४ मध्ये स्थापन झालेले वनविकास महामंडळ, वन (संवर्धन) अधिनियम १९८० आणि सर्वोच्च न्यायालयाचा १२ डिसेंबर १९९६ चा गोदावर्मन खटल्यातील आदेश यांमुळे तोडीचे क्षेत्र व पद्धती बदलत गेल्या आणि संस्थांना मिळणारे काम आटले. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने ठेकेदारांच्या जागी आदिवासी व मजूर सहकारी संस्था याव्यात असे म्हटले होते. तोवर वाटण्याजोगे कूपच कमी होत चालले होते.

या प्रश्नाला अन्यत्र मिळालेले उत्तर तुलनेसाठी उपयोगी आहे. इटलीतील राव्हेन्ना येथे १८८३ मध्ये शेतमजुरांनी सार्वजनिक बांधकामांचे ठेके घेण्यासाठी सहकारी संस्था काढली व पुढच्याच वर्षी तिचे मजूर रोमजवळील ऑस्टियाची दलदल हटविण्यास गेले. १८८९ च्या कायद्याने अशा संस्थांना ठरावीक रकमेपर्यंतची कामे लिलावाशिवाय मिळू लागली. मोठी कामे मात्र एकट्या संस्थेच्या आवाक्याबाहेर राहिली. म्हणून १९०९ मध्ये सहकारी संस्थांच्या संघांना एकत्रितपणे ठेके घेण्याची मुभा देणारा स्वतंत्र कायदा झाला. सदस्य संस्थांचे अस्तित्व कायम ठेवून ठेक्यापुरता एक सामाईक पक्ष निर्माण करावा, ही त्यामागील कल्पना. महाराष्ट्रात वनकामगार संस्थांचे संघ झाले, पण त्यांना ठेक्याचा पक्ष म्हणून असे सामर्थ्य लाभले नाही.

ग्रामसभांचा हक्क : परिस्थिती पालटली ती हक्काचे स्थान बदलल्यामुळे. पंचायत उपबंध (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तारित) अधिनियम, १९९६ (‘पेसा’) याने अनुसूचित क्षेत्रातील गौण वनोपजाची मालकी ग्रामसभा व पंचायती यांच्याकडे दिली. १९८५ च्या आदेशानुसार गडचिरोलीचा बराच भाग आणि चंद्रपूरपैकी तेव्हाच्या राजुरा तालुक्यातील १८३ गावे या क्षेत्रात येतात. महाराष्ट्राचे पेसा नियम मात्र २०१४ मध्ये झाले. दरम्यान वनहक्क अधिनियम, २००६ याने अनुसूचित क्षेत्राबाहेरील गावांनाही सामूहिक वनहक्काची वाट मोकळी केली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनविभागाकडेच होता आणि परवान्यावाचून मालकी कागदावरच राहत होती. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली, तेव्हा मेंढ्याचा बांबू खऱ्या अर्थाने विक्रीयोग्य झाला. अनुसूचित क्षेत्रात नसलेल्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सु. १,००० हेक्टरांवर असाच हक्क मिळाला व त्या गावानेही बांबूची विक्री स्वतः केली. गडचिरोलीत पुढे तेराशेहून अधिक ग्रामसभांना सामूहिक हक्क मान्य झाले.

बांबूच्या बाबतीत एकटे गाव तगू शकले, कारण बांबू कापून ठेवता येतो व ग्राहकाची वाट पाहता येते. तेंदूपान वाट पाहत नाही.

तेंदूपानाची संयुक्त विक्री : तेंदू किंवा टेंभुर्णी (लॅ. डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन) या झाडाची पाने विड्यांसाठी वापरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची छाटणी केली म्हणजे कोवळी, रुंद पाने येतात. एप्रिलअखेर ते मे या काळात जेमतेम काही आठवडे संकलन चालते. वळवाचा पाऊस वा गारपीट झाल्यास तेही आटोपते. भल्या पहाटे तोडलेली पाने घरी आणून त्यांचे पुडे बांधतात व सायंकाळी ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतात. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पाने व एका प्रमाण गोणीत १,००० पुडे धरतात. मध्य प्रदेशातील गोणीत पुडे तितकेच, परंतु पुडा ५० पानांचा असतो; यास्तव दोन राज्यांतील गोणीच्या दरांची सरळ तुलना करणे फसवे ठरते. वाटाघाटीत हा मुद्दा वारंवार निघतो.

१९६९ च्या अधिनियमाने या व्यापाराचे नियमन शासनाकडे आले व घटकांची विक्री हंगामापूर्वीच होऊ लागली. वनहक्क व पेसा यांनंतर ग्रामसभेपुढे दोन पर्याय आले : विक्री वनविभागामार्फत करून स्वामित्वधन घ्यावे किंवा विक्री स्वतः करावी. २०१३ मध्ये गोंदिया व गडचिरोली जिल्ह्यांतील काही ग्रामसभांनी विदर्भ निसर्ग संरक्षण संस्था या नागपूरच्या संस्थेच्या साहाय्याने दुसरा पर्याय स्वीकारला. पुढे वृक्षमित्र, कुरखेडा येथील ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ इ. स्वयंसेवी संस्थांच्या कार्यक्षेत्रांतील ग्रामसभाही संघटित झाल्या. या संस्थांचे काम पूर्वीच्या पुरस्कर्त्या संस्थांसारखे दिसते, परंतु एक भेद आहे. त्या संस्था मजुरांच्या वतीने वनखात्याशी बोलत. या संस्था ग्रामसभांना निविदेची भाषा शिकवून शक्य तितक्या लवकर बाजूला होण्याचा प्रयत्न करतात. सर्वत्र तो साधलाच, असे म्हणता येणार नाही.

संयुक्त विक्रीची रीत सामान्यतः अशी असते : प्रत्येक ग्रामसभा आपला ठराव करते व अपेक्षित गोण्या सांगते, सर्वांचा मिळून तपशील वृत्तपत्रांत जाहीर होतो, निविदा सर्व गावांच्या प्रतिनिधींसमक्ष उघडल्या जातात, सर्वोच्च बोलीदाराशी पुन्हा बोलणी होतात, आणि शेवटी करारनामा मात्र प्रत्येक ग्रामसभा स्वतंत्रपणे करते. अनामत, हप्त्यांच्या तारखा आणि माल उचलण्यापूर्वी भरावयाची रक्कम या तीन कलमांवर कराराची भिस्त असते. वाहतूक परवाना ग्रामसभेच्या सहीने निघतो. पैसे न देणाऱ्या व्यापाऱ्याचा माल रोखून धरण्याचे साधन हेच. गोण्या एकदा जिल्ह्याबाहेर गेल्या की ते संपते.

कठीण भाग निविदेनंतर येतो. सर्व गावांची पाने सारखी नसतात. ज्या गावाचे पान उत्तम व रस्ता जवळ, त्याला एकत्र येण्याने दर कमीच मिळतो. आडवळणाच्या गावाला तो जास्त मिळतो. एकच दर ठेवावा की प्रतवारीने वेगळा, यावर संघांच्या बैठका रंगतात. व्यापाऱ्यालाही ही फट ठाऊक असते. जवळच्या एखाद्या मोठ्या गावास थोडा अधिक दर देऊन त्याने फोडले, की उरलेल्या गावांची बोली ढासळते. जेथे गावांमध्ये पूर्वीपासून इलाका वा पट्टी यांसारखी पारंपरिक बंधने आहेत, तेथे संघ अधिक टिकाऊ होतो. कोरची तालुक्यात सु. ९० ग्रामसभांची महाग्रामसभा उभी राहिली. तिच्यात स्त्री-प्रतिनिधींना स्थान आहे आणि तिचे काम तेंदूपुरते मर्यादित राहिलेले नाही. तेथील स्त्रियांच्या बचत गटांच्या जुन्या संघटनेचा पाया तिला लाभला, हे तिच्या स्थैर्याचे एक कारण मानावे लागते. व्यापाऱ्यांकडून सशस्त्र नक्षलवादी गट उकळीत असलेली खंडणी हाही या व्यवहारातील दीर्घकाळचा अघोषित खर्च होता. तो अखेर पानाच्या दरातूनच वसूल होई.

संघांची खरी परीक्षा २०१८ च्या हंगामात झाली. २०१७ मध्ये दर असामान्य चढले होते. त्याच वर्षी जुलैपासून वस्तू व सेवा कर लागू होऊन तेंदूपानावर १८ व विडीवर २८ टक्के कर आला. पुढील हंगामात दर कोसळले, अनेक निविदांना प्रतिसादच आला नाही, आणि चढ्या दराने करार केलेल्या काही व्यापाऱ्यांनी देणी थकविली. एकेकट्या गावास जिल्ह्याबाहेरील व्यापाऱ्याविरुद्ध वसुलीसाठी दाद मागणे जवळजवळ अशक्य होते. काही ग्रामसभा वनविभागाच्या पर्यायाकडे परत गेल्या. काही संघांनी मोठी आगाऊ रक्कम व माल उचलण्यापूर्वी पूर्ण भरणा ही अट घालून दर थोडा कमी पत्करला. दरापेक्षा भरण्याची खात्री अधिक मोलाची, हा धडा त्या थकबाकीने शिकविला. तेंदूपानावरील कर सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला.

मध्य प्रदेशाने वेगळा मार्ग धरला. तेथे १९८४ मध्ये राज्य लघु वनोपज संघ स्थापन झाला आणि १९८८-८९ पासून प्राथमिक सहकारी समित्यांमार्फत पाने गोळा करून राज्य संघ ती विकू लागला. एवढ्या मोठ्या विक्रेत्यास व्यापारी फोडू शकत नाही आणि थकबाकीची झळही गावास सरळ लागत नाही. मात्र विक्रीचा निर्णय गावापासून दूर जातो. गडचिरोलीतील संघ लहान व अस्थिर असले, तरी निविदा उघडताना पाने तोडणारी स्त्री समोर बसलेली असते.

कायदेशीर स्वरूप : वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांत वनोपजाची विक्री संकलकांना आपल्या सहकारी संस्था, संघटना वा महासंघ यांच्यामार्फत करता येईल, असे म्हटले आहे. महासंघ कसा असावा, हे मात्र सांगितलेले नाही. ग्रामसभा कायद्याने अस्तित्वात आहे. तिच्या संघास बँकेत खाते, करदात्याचा क्रमांक व न्यायालयात उभे राहण्याची पात्रता हवी असल्यास सहकारी संस्था, विश्वस्त संस्था किंवा उत्पादक कंपनी यांपैकी एखाद्या रूपात नोंदणी करावी लागते. तसे केल्यास संचालक मंडळ येते, भागभांडवल येते आणि वनोपजाची मालकी गावाची की संघाची, हा प्रश्न उभा राहतो. वनकामगार संस्थांचा इतिहास ठाऊक असलेल्या गावांना ही धास्ती निराधार वाटत नाही. यामुळे अनेक संघ नोंदणीविनाच चालतात : बैठक संघाची, जाहिरात संघाची, करार व खाते मात्र ज्या त्या ग्रामसभेचे.