दुसरी डिस्क शाबूत, तरी संगणक सुरू का होत नाही?

करी रोड स्थानकाजवळचा महादेव पालव मार्ग आणि पलीकडील ना. म. जोशी मार्ग यांच्या आसपास लहानमोठी कार्यालये दाटीवाटीने उभी आहेत. अशा एखाद्या कार्यालयात हिशेब सांभाळणारा लिनक्स सर्व्हर आहे, असे समजू. त्यात दोन हार्ड डिस्क. एकीवर जे लिहिले जाते, तेच त्याच क्षणी दुसरीवरही उमटते. ही 'रेड-१' पद्धत. बर्कले विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ मध्ये 'रेड'चे प्रकार शोधनिबंधात मांडले, त्यातला हा पहिला. एक डिस्क गेली तरी काम चालू राहते, आणि ते खरेच राहते. इतके निमूटपणे, की बिघाड कोणाच्या ध्यानातही येत नाही. मग महिनाअखेरीस, ऐन पगारपत्रकांच्या दिवशी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, तर समोर केवळ काळा पडदा!

माहिती कुठेही गेलेली नसते. जोडप्रत तयार होते ती डिस्कच्या विभागांची, म्हणजे पार्टिशन्सची. संगणकाला जागे करणारा 'ग्रब' हा प्रोग्राम मात्र जुन्या 'बायोस' पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांपासून सुरू होतो. त्यातले जेमतेम ४४६ बाइट त्याच्या वाट्याला येतात आणि ती जागा जोडप्रतीच्या बाहेर असते. 'ग्रब' पहिल्याच डिस्कवर बसवला असेल, तर तिच्याबरोबर तोही जातो. नव्या 'यूईएफआय' संगणकांत सुरुवातीच्या फायली एका वेगळ्या विभागात असतात. तोही सहसा एकाच डिस्कवर असतो.

अशा वेळी पेनड्राइव्हवरील लिनक्सने संगणक सुरू करावा, 'एमडीएडीएम' आज्ञेने उरलेल्या डिस्कवरील संच जोडून घ्यावा, 'सीएचरूट'ने मूळ यंत्रणेत शिरावे आणि त्या डिस्कवर 'ग्रब-इन्स्टॉल' चालवावे. 'यूईएफआय' असल्यास तो विभाग नव्याने तयार करून मदरबोर्डच्या स्मृतीत त्याची नोंद करावी लागते. 'एफएसटॅब'मध्ये गेलेल्या डिस्कचा उल्लेख राहिला असेल, तर यंत्रणा अर्ध्या वाटेवर अडते, हेही पाहावे.

खरा धोका नवी डिस्क बसवताना असतो. पहिली डिस्क नाहीशी झाली की दुसरीला पहिलीचे नाव मिळू शकते. म्हणून 'एसडीए', 'एसडीबी' या नावांवर विसंबू नये, डिस्कवरील अनुक्रमांक ताडून पाहावा. विभागांची रचना जुन्या डिस्कवरून नवीवर उतरवायची असते. 'एसजीडिस्क'च्या आज्ञेत आधी नवी डिस्क लिहावी लागते, मग जुनी. हा क्रम इतका उफराटा, की घाईत चूक न झाली तरच नवल. कोऱ्या डिस्कची रचना भरलेल्या डिस्कवर गेली, तर होते तेही हातचे जायचे. म्हणून आधी स्वतंत्र बॅकअप घ्यावा. जोडप्रत म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली फाईल दोन्हीकडून पुसली जाते.

नवी डिस्क संचात आल्यावर तिच्यावरही 'ग्रब' बसवावा. जुळणी पूर्ण झाली, की संगणक बंद करून एका डिस्कची केबल काढावी व तो सुरू होतो का, हे पाहावे. मग दुसरीची पाळी. मात्र केबल परत लावल्यावर डिस्क आपोआप संचात येतेच असे नाही. ती 'एमडीएडीएम'ने पुन्हा जोडावी लागते. पहिल्या डिस्कची जुळणी संपण्याआधी दुसरीला हात लावू नये. मोठ्या डिस्कना यात कित्येक तास लागतात, तेव्हा ही चाचणी शनिवारी कार्यालय सुटल्यावर करणे बरे.