दिसणारी चामखीळ, न दिसणारा विषाणू

‘डॉक्टर, लघवीच्या जागी काहीतरी आलंय.’ एवढं वाक्य तोंडून निघेपर्यंत बहुतेक बायकांचे दोन-तीन महिने गेलेले असतात. उष्णता झाली म्हणून सब्जाचं पाणी पिऊन झालेलं असतं, मेडिकलमधून आणलेलं खाजेचं मलम लावून झालेलं असतं. एखादीने हातावरच्या चामखिळीला लावतात तसा चुना नाहीतर रुईचा चीकही लावून पाहिलेला असतो आणि तिथली नाजूक कातडी भाजून घेतलेली असते. तपासल्यावर दिसतात त्या फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या, कातडीच्याच रंगाच्या बारीक वाढी. दुखत नाहीत, क्वचित खाजतात. मग ती दोन प्रश्न विचारते, दुसरा बराच हळू आवाजात. हा कॅन्सर तर नाही ना? आणि हे आलं कुठून?

कॅन्सर नाही. या चामखिळी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे, म्हणजे एचपीव्हीमुळे होतात आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सरही एचपीव्हीमुळेच होतो, हे खरं. पण या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. जननेंद्रियांवरच्या सुमारे ९० टक्के चामखिळी ६ आणि ११ क्रमांकाच्या प्रकारांमुळे येतात, तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के १६ आणि १८ मुळे. कूळ एक, स्वभाव वेगळे.

हा फरक कळला तोही चामखिळीच्याच वाटेने. १९७०च्या दशकात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी हर्पिसच्या विषाणूवर संशय घेतला जात होता. जर्मनीतले हॅराल्ड त्सूर हाउझेन यांना मात्र चामखिळीचा विषाणू संशयास्पद वाटला. त्यांच्या प्रयोगशाळेने जननेंद्रियांवरच्या चामखिळींतून ६ क्रमांकाचा प्रकार वेगळा काढला, पण कॅन्सरच्या गाठींत त्याचा शोध घेतला तर हाती फारसं काही लागेना. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. यांनी त्या विषाणूचे भाऊबंद शोधायला घेतले. १९८३ मध्ये १६ सापडला, पुढच्या वर्षी १८. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

दुसरा प्रश्न घर मोडणारा असतो, म्हणून त्याचं उत्तर नीट समजून घ्यायला हवं. हा विषाणू शरीरसंबंधातून, कातडीला कातडी लागून पसरतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यांतून तो कातडीच्या सगळ्यात खालच्या थरात शिरतो. रक्तात उतरत नाही, दाह करत नाही, त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा पत्ताही उशिरा लागतो. चामखीळ उगवायला काही आठवडे लागतील, काही महिने लागतील, कधी त्याहूनही जास्त. त्यामुळे आज चामखीळ दिसली म्हणून गेल्या महिन्यात कुणी कुठे गेलं होतं, असा पुरावा त्यातून निघत नाही. निरोधाने धोका कमी होतो, पण निरोधाने न झाकलेल्या कातडीतूनही संसर्ग होऊ शकतो. दिलासा एवढाच, की दहापैकी नऊ जणींचं शरीर हा संसर्ग दोनेक वर्षांत स्वतःच परतवून लावतं.

उपचार आहेत: आम्ल लावणं, गोठवणं, जाळणं, घरी लावायची मलमं. ते चामखीळ काढतात, विषाणू नाही, म्हणून ती पुन्हा उगवू शकते. गरोदरपणात चामखिळी झपाट्याने वाढू शकतात आणि यातली काही औषधं तेव्हा चालत नाहीत, म्हणून दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी तेच सांगावं.

चामखीळ मुळात येऊच न देणारी लस मात्र आहे. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींना ६, ११, १६, १८ या चारही प्रकारांवरची लस द्यायला सुरुवात केली. लैंगिक आरोग्य केंद्रांत पहिल्यांदा येणाऱ्या एकविशीच्या आतल्या तरुणींत चामखिळींचं प्रमाण तेव्हा साडेअकरा टक्के होतं. २०११ मध्ये ते एक टक्क्याच्याही खाली आलं. गंमत म्हणजे त्याच वयाच्या, लस न घेतलेल्या तरुण मुलांतही ते तसंच धाडकन कोसळलं! कॅन्सर व्हायला दहा-वीस वर्षं लागतात, चामखिळीला काही महिने. त्यामुळे लस काम करते याची पहिली ठळक पावती चामखिळीनेच दिली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हावॅक’ लशीतही हेच चार प्रकार आहेत. आधीच आलेली चामखीळ लशीने जात नाही. शरीरसंबंध सुरू होण्याआधी घेतली तर तिचा सगळ्यात जास्त उपयोग.

पण ज्यांचं लशीचं वय निघून गेलं, त्यांनी कॅन्सरपासून कसं वाचायचं? त्याचं उत्तर आपल्याच धाराशिव जिल्ह्यात मिळालं आहे. १९९९ पासून बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांनी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेसोबत तिथल्या खेड्यांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास केला. एका गटाची एचपीव्ही चाचणी, एकाची पॅप चाचणी (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी), एकाची व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून तपासणी, आणि एका गटाला नेहमीचीच सेवा. आठ वर्षांनी पाहिलं, तर आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले होते. बाकी दोन तपासण्यांना तेवढं साधलं नाही. २००९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगाने तो उचलला. आपल्याकडे मात्र आजही बहुतेक बायकांनी या चाचणीचं नावदेखील ऐकलेलं नाही, आणि देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो.

१६ आणि १८ क्रमांकाच्या प्रकारांमुळे असे तुरे उगवत नाहीत. ते गर्भपिशवीच्या तोंडाशी वर्षानुवर्षं मुकाट बसतात. अंगावरून रक्त जाऊ लागतं तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. म्हणून चामखीळ दाखवायला गेलात आणि वय तिशीपुढे असेल, तर टेबलावरून उतरण्याआधी एचपीव्ही चाचणीचं विचारा. चामखीळ नसेल, तरीही विचारा.