वाळूच्या बेटावर ठिबकची झाडे

अबुधाबीच्या सर बनी यास या वाळवंटी बेटावर २०१६ पासून पर्यटकांची मोठी जहाजे थांबतात. कुणाचा मुलगा आखातात नोकरीला असेल आणि तुम्हाला तिकडे नेईल, तर नुसते किनाऱ्यावर बसू नका. गाडीने आत जा. शेख झायेद यांनी १९७० च्या दशकापासून इथे लाखो झाडे लावून घेतली. १९७२ मध्ये रानातून संपलेले पांढरे अरबी ऑरिक्स आज त्या झाडांत चरतात. एखाद्या बुंध्याशी वाकून पाहा, ठिबकची नळी दिसेल. पाऊस नावापुरताच, समुद्राचे पाणी गोडे करून झाडांना मोजून द्यायचे. नळी बंद पडली, की हिरवाई वाळलीच! उसाला पाटाने पाणी सोडणाऱ्याने तर हे बघावेच. जहाजाची परतीची वेळ मात्र आधी विचारून ठेवा.